फ्रेम कोणत्या साइजची घेऊ? सायकलवाल्या वाचकांचे प्रश्न

दिवाळीच्या सेलचे बोर्ड लागले अन् थंडीची चाहूल लागली की आपल्या नागपुरात रोड बाईक, म्हणजे वाकड्या हँडलची पक्क्या रस्त्यावरची सायकल, घेणाऱ्यांची लाइन लागते. या वेळच्या पत्रांमध्ये बहुतेक सगळे फिरून फिरून फ्रेमच्या साइजवरच येऊन राहिले, म्हणून हा पूर्ण कॉलम त्यालाच दिला.

प्रश्न: नमस्कार दादा, माझी उंची 5 फूट 7 इंच म्हणजे 170 सेंमी. आजवर सरळ हँडलची हायब्रिड चालवली, आता पहिली रोड बाईक घेऊन राहिलो, हिवाळ्यात 200 ची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत 200 किमी पूर्ण करायची राइड, करायचं मनात आहे. दुकानात 56 साइजची एक सायकल सेलमध्ये मस्त भावात मिळून राहिली, दुकानदार म्हणतो सीट खाली करून देतो, स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा दांडा) छोटा लावून देतो, जमून जाईल. ऑफिसमधला मित्र माझ्याच उंचीचा आहे अन् तो 54 चालवतो. बाबा म्हणतात आम्ही जन्मभर बावीसची ॲटलस चालवली, कधी काही झालं नाही. कोणाचं ऐकू? — एक वाचक, प्रतापनगर

उत्तर: भाऊ, आधी सरळ सांगून टाकतो, 56 नका घेऊ. भाव कितीही चांगला असू द्या. टायर, सीट, चाकं, गिअर सगळं नंतर बदलता येतं, पण फ्रेम एकदा घेतली की घेतली, अन् चुकीच्या फ्रेमवर वाचवलेले पैसे पुढे स्टेम, सीटपोस्ट (सीटखालची दांडी) अन् फिजिओच्या फीमध्ये जातात.

बाबांचं म्हणणं खोटं नाही बरं का. 22 इंच म्हणजे जवळपास 56 सेंमीच होतात, अन् त्या काळी ठेंगण्या माणसांनीही बावीसची, चोवीसची आरामात चालवली, पोरं तर नळीखालून पाय घालून कैची मारायची. पण त्या सायकलचं हँडल मागे वळून तुमच्याकडे येतं, माणूस ताठ बसतो, फ्रेम उंच असली तरी त्रास फक्त चढता-उतरताना. रोड बाईकचं हँडल पुढे जातं अन् ब्रेकचे हुड्स (लिव्हरवरची रबरी मूठ, जिथे हात ठेवतात) त्याच्याही पुढे असतात, म्हणजे इथे मोठी फ्रेम लांबीत नडते अन् ते सगळं खांदे, मान, तळहातावर येतं. तेव्हा बाबांच्या 56 वरून तुमच्या 56 चा अंदाज नका लावू.

आता मापाचं. उंची घडीभर बाजूला ठेवा अन् इनसीम मोजा, म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंतचं माप. जोडे-चपला काढा, भिंतीला पाठ अन् टाचा टेकवून उभे राहा, दोन पायांत वीतभर अंतर ठेवा. एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक उभं धरून त्याची एक कड भिंतीला चिकटवा अन् पायांच्या मधून वर सरकवा, आणि इथेच सगळे लाजतात, नुसतं टेकवून सोडून देतात, तसं नाही करायचं, सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा दाब येईपर्यंत वर घ्यायचं. घरच्या कोणाला तरी पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलची खूण करायला लावा. मग मिस्त्रीच्या स्टीलच्या टेपने जमिनीपासून खुणेपर्यंत मोजा, शिलाईची कापडी टेप जुनी झाली की ताणते. दोन-तीनदा करा, माप अर्ध्या सेंमीच्या आत आलं पाहिजे. पँटची आतली शिलाई मोजून मला पाठवू नका, ती नेहमी बरीच कमी भरते.

समजा तुमचं इनसीम 78 आलं. तीन वेळा, म्हणजे 1986, 1989 अन् 1990 ला टूर द फ्रान्स जिंकलेला ग्रेग लेमाँड अन् त्याचा सुरुवातीचा कोच सिरिल गिमार यांच्यापासून एक हिशोब चालत आलाय, इनसीम गुणिले 0.883 म्हणजे क्रँकच्या एक्सलच्या (पायडलचे दोन्ही दांडे म्हणजे क्रँक, ते फ्रेममध्ये ज्यावर फिरतात तो) मध्यापासून सीटच्या वरपर्यंतची उंची. 78 ला ती होते 68.9 सेंमी. अन् वरची नळी आडवी असलेल्या जुन्या फ्रेमची साइज इनसीम गुणिले 0.67, म्हणजे 52.3. आता तुमच्या मित्राचे पाय लांब असले, समजा 82, तर त्याची सीट येते 72.4 वर अन् फ्रेम 54.9. दोघं उभे राहिले तर खांद्याला खांदा, अन् सीटमध्ये साडेतीन सेंमीचा फरक! म्हणून त्याला 54 बरोबर असेल अन् तुम्हाला 52 बरोबर असेल, दोन्ही खरं असू शकतं. मित्राची सायकल चालवून पाहा जरूर, पण त्याच्यावरून साइज ठरवू नका.

आता दुसरी गोष्ट, अन् दुकानात ही फार कमी लोक सांगतात. फ्रेमवर लिहिलेला आकडा पूर्वी सीटच्या नळीची लांबी असायचा, तेव्हा वरची नळी जमिनीला समांतर होती म्हणून त्या आकड्याला अर्थ होता. 1990 च्या दशकाच्या शेवटी जायंट कंपनीने टीसीआर नावाची रोड बाईक आणली, तिची वरची नळी मागे उतरती, सीटची नळी आखूड अन् सीटपोस्ट लांब, अन् मग हळूहळू सगळ्यांनीच तसं केलं. त्यामुळे आज एका कंपनीची 54 अन् दुसरीची 54 सारखी निघेलच असं नाही, एकीची एम तर दुसरीच्या एस एवढी भरते. तुम्ही काय पाहायचं, तर कंपनीच्या साइटवरच्या जॉमेट्रीच्या, म्हणजे फ्रेमच्या मापांच्या, तक्त्यात दोन आकडे असतात, स्टॅक अन् रीच. क्रँकच्या एक्सलच्या मध्यापासून सरळ वर, हँडलच्या नळीच्या डोक्याच्या लेव्हलपर्यंत किती उंची, तो स्टॅक. अन् तिथूनच आडवं पुढे त्या डोक्यापर्यंत किती अंतर, ती रीच. हे दोन आकडे सीट कुठेही असली तरी बदलत नाहीत, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या फ्रेम समोरासमोर ठेवायला यांच्याइतकं कामाचं काही नाही. 54 च्या रेस फ्रेमचा स्टॅक साधारण 545 मिमीच्या आसपास असतो, तर त्याच आकड्याच्या एन्ड्युरन्स (लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या) फ्रेमचा 570-575, म्हणजे हँडल अडीच-तीन सेंमी वर. 200 च्या बीआरएमला साडेतेरा तासांची वेळ असते, पहिल्यांदा जाणारा माणूस त्यातला बराचसा वेळ सीटवर काढतो, तेव्हा तुम्ही एन्ड्युरन्सकडेच पाहा असं माझं मत आहे.

दुकानदार सीट खाली करून देईल, खरं आहे, ती होते. पण फ्रेमची लांबी कमी नाही होत. मग तो 110 मिमीचा स्टेम काढून 70 चा लावेल, त्याने हँडल चपळ होतं, जरा हलवलं की वळतं, उतारावर भीती वाटते. तरी हात पुरले नाहीत तर सीट पुढे सरकवेल, अन् सीट पुढे गेली की गुडघा पायडलच्या पुढे जातो, म्हणजे हाताचं दुखणं गुडघ्यावर नेऊन ठेवलं. सीटची जागा पायांसाठी ठरवायची, हातांसाठी नाही, एवढं पक्कं धरा. याउलट फ्रेम थोडी छोटी निघाली तर सीटपोस्ट वर घेता येतो, स्टेम 10 मिमी लांब लावता येतो, म्हणून दोन साइजच्या मधे अडकलात तर बहुतेक वेळा छोटी घ्या. बहुतेक वेळा म्हणतो, कारण छोट्या फ्रेमचा स्टॅकही कमी असतो, अन् ज्यांची पाठ आखडलेली आहे, पायाचे अंगठे धरायला वाकता येत नाही, त्यांना तेवढंही खाली झुकणं जड जातं.

अन् टेस्ट राइड दुकानासमोरच्या गल्लीत नका घेऊ. दुकानदाराला विनंती करून सकाळी सिव्हिल लाइन्सकडून सेमिनरी हिल्सचा चढ एकदा चढा, मग सिमेंट रोडवर या. आपल्या सिमेंट रोडचे जॉइंट या कामाला फार चांगले, दर जॉइंटला धक्का तळहातात बसत असेल अन् कोपर ताठ झाले असतील तर सायकल लांब पडून राहिली. कोपर सैल अन् हात हुड्सवर नुसते ठेवलेले वाटले पाहिजेत. मोकळ्या रस्त्यावर पायडल मारता मारता हातांचा भार क्षणभर हलका करून पाहा, अंग लगेच पुढे पडत असेल तर काहीतरी गडबड आहे. वीस-तीस मिनिटं द्या, पाच मिनिटांत सगळ्याच सायकली छान वाटतात.

प्रश्न: मी 5 फूट 1 इंच आहे. दोन दुकानांत गेले, दोन्हीकडे म्हणाले ताई तुमच्या साइजची नाही, एस घेऊन जा, सीट पूर्ण खाली करू. एकाने लेडीज फ्रेमच घ्यावी लागेल सांगितलं. मैत्रिणीच्या छोट्या फ्रेमवर वळताना माझ्या पायाच्या बोटांना पुढचं चाक लागलं, ते पाहून घाबरले. — एक वाचक, मनीषनगर

उत्तर: ताई, दुकानात नाही म्हणून तुम्ही मोठी घ्यायची हा कुठला न्याय! एम अन् एल लवकर खपतात म्हणून बरीच दुकानं तेवढ्याच भरून ठेवतात, पण एक्सएस, 44, 47, 48 अशा साइज कंपन्या बनवतात, ऑर्डर द्या अन् थांबा. थांबायचं नसेल तर दुसऱ्या शहरातल्या दुकानातून मागवा, पण आधी इनसीम मोजून तक्त्यातला स्टँडओव्हर, म्हणजे जमिनीपासून वरच्या नळीपर्यंतची उंची, पाहा. वरच्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहिल्यावर रोड बाईकला नळी अन् अंगात निदान दोन-तीन सेंमी जागा हवी. सिग्नलला अचानक उतरावं लागलं तर तीच जागा वाचवते.

लेडीज फ्रेमचं म्हणाल तर बायकांचे पाय लांब अन् धड आखूड असं धरून पूर्वी वेगळ्या फ्रेम काढायचे, पण एवढं सरसकट नसतं, अन् काही मोठ्या कंपन्यांनी ती वेगळी जॉमेट्री सोडूनही दिली. तुमचं अंग तुम्ही मोजा, पुरुषाची का बाईची ते फ्रेमला कळत नाही. फरक पडतो तो दुसऱ्या ठिकाणी. सीटची रुंदी, ती बसायच्या हाडांच्या अंतराप्रमाणे लागते. हँडलची रुंदी, खांद्याच्या दोन टोकांमधल्या अंतराएवढी, म्हणजे तुम्हाला बहुधा 38 सेंमी किंवा त्याहूनही कमी, अन् दुकानातल्या सायकलवर 42 असलं तर छाती उगाच ताणली जाते. क्रँक 165 मिमीचा मागा. अन् ब्रेकचं लिव्हर! बहुतेक लिव्हरला आत एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतं अन् छोट्या हाताला पूर्ण ब्रेक दाबता येतो. हा स्क्रू आहे हे कित्येकींना वर्षभर माहीतच नसतं, अन् अशा ब्रेकवर त्या वर्धा रोडच्या ट्रकांमध्ये चालवतात, मला ते बघवत नाही.

चाकाला बोटं लागणं हे छोट्या फ्रेमवर 700 चं, म्हणजे रोड बाईकचं नेहमीचं, चाक लावलं की होतंच, चाक पायाच्या जवळ येतं. वेगात काही होत नाही कारण वेगात हँडल एवढं वळतच नाही, सायकल झुकते. अगदी हळू यू-टर्न घेताना तेवढं सांभाळा, आतल्या बाजूचा पायडल वर ठेवून, पायडल न मारता वळा. अंबाझरीच्या बाजूला सकाळी रिकामा रस्ता पाहून दहा-वीस वेळा करा, सवय होते. तरी भीती वाटली तर 650 चं, म्हणजे जरा छोटं, चाक असलेल्या छोट्या फ्रेमही मिळतात.

प्रश्न: मुलगा 13 वर्षांचा, 2017 ला रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण करणारे आपले डॉ. अमित समर्थ यांच्याबद्दल वाचून रोड बाईक मागून राहिला. वाढतं वय आहे, दोन साइज मोठी घेऊन ठेवू का? — एक पालक, मानेवाडा

उत्तर: नाही हो. शाळेचा युनिफॉर्म वाढत्या मापाचा घेता येतो, सायकल नाही. मोठ्या फ्रेमवर त्याचा हात ब्रेकपर्यंत नीट पोहोचणार नाही, अन् ज्या पोराला चालवताना दुखतं ते पोरगं चालवणं सोडतं. आज जी बसते ती घ्या, फक्त सीटपोस्ट बराचसा खाली असेल अन् स्टेम 70-80 चा असेल अशी पाहा म्हणजे वाढीला जागा राहते. सेकंडहँड घेतली तर अजून चांगलं, वर्ष-दीड वर्षाने तीच दुसऱ्याच्या पोराला विकता येते.

प्रश्न: एक जुनी स्टीलची रोड बाईक ऑनलाइन सापडली, विकणारा 54 म्हणून राहिला. खरंच 54 आहे हे कसं ओळखू? — एक वाचक, काटोल रोड

उत्तर: त्याला म्हणा टेप लावून फोटो पाठव. टेपचं एक टोक क्रँकच्या एक्सलच्या मध्यावर, अन् सीटच्या नळीने वर यायचं. कोणी वरच्या नळीच्या मध्यापर्यंत मोजतं, कोणी सीटच्या नळीच्या टोकापर्यंत, यात एक-दीड सेंमीचा फरक सहज पडतो, म्हणून आकड्यासोबत कुठून कुठे मोजलं ते विचारा. वरच्या नळीची लांबीही घ्या, मध्यापासून मध्यापर्यंत, जुन्या फ्रेममध्ये तुमच्या हातांना जास्त महत्त्वाचं तेच माप आहे.

अन् प्रत्यक्ष गेलात की सीटपोस्टचा बोल्ट सैल करून तो हलतो का पाहा. जुन्या स्टीलमध्ये ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय राहिला तर आत जाम होतो, मग साइज बरोबर असूनही तुमच्या उंचीला सीट येत नाही. पोस्टवर कमीत कमी किती आत हवा त्याची रेघ असते, तुमच्या मापाला सीट लावल्यावर ती रेघ बाहेर दिसली तर ती फ्रेम तुमच्यासाठी छोटी आहे, सोडून द्या.

प्रश्न: आठ महिन्यांपूर्वी एल साइज घेतली. उंची 173, इनसीम 80. बुटीबोरीपर्यंत जाऊन आलं की तळहाताला मुंग्या, मान धरते, अन् आता गुडघा मागून दुखून राहिला. दुकानात सीट कमरेच्या हाडाला लावून सेट केली होती, मी मोजली तर 73 सेंमी भरली. आता सायकल विकूनच टाकू का? — एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर: थांबा, विकायच्या आधी फुकटातलं सगळं करून पाहू. कमरेच्या हाडाला सीट लावणं हा गाडी नुसती चालती करायचा अंदाज आहे. तुमच्या 80 इनसीमला सीट येते 70.6 वर, तुमची आहे 73, म्हणजे जवळपास अडीच सेंमी वर! गुडघा मागून दुखतो तो बहुतेक वेळा सीट उंच असली की, पाय दर फेऱ्यात ताणला जातो, अन् पुढून वाटीजवळ दुखला तर सीट खाली असते. कोणाला तरी मागून व्हिडिओ काढायला सांगा, कंबर डावी-उजवीकडे डोलत असेल तर पक्कं झालं.

सीट एकदम नका उतरवू, 5 मिमी खाली, दोन-तीन राइड, मग परत 5 मिमी. सीटपोस्टवर दर वेळी बारीक इन्सुलेशन टेपची खूण करा म्हणजे मागे यायचं असलं तर जागा सापडते. जवळ आलात की टाच पायडलवर ठेवून मागे फिरवा, पायडल सगळ्यात खाली असताना पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे, मग पंजा ठेवल्यावर गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप येतो. तो आकडा 70.6 वरच थांबेल असं नाही, जोडे अन् पायडल यांनी थोडं इकडंतिकडं होतं.

मग सीटवर मिस्त्रीची लेव्हल बॉटल ठेवा. खूप जण दुखतं म्हणून सीटचं नाक खाली करतात, त्याने माणूस पुढे घसरत राहतो अन् सगळा भार तळहातावर, मुंग्या तिथूनच येतात. आधी सपाट करा. उंची अन् सपाटी झाल्यावर पंधरा दिवस चालवा, कारण सीट खाली आली की हँडल आपोआप थोडं वर आल्यासारखं होतं अन् मान बरीच मोकळी होते. तरी हात लांब पडत असतील तर स्टेम बदला, 110 असेल तर 90, किंवा पुढे कमी जाणारं कॉम्पॅक्ट हँडल लावा. स्टेमच्या बोल्टवर जेवढा टॉर्क (आवळायचा जोर) लिहिलाय तेवढाच द्या, बहुतेक ठिकाणी 5 न्यूटन मीटर असतो, कार्बन असेल तर टॉर्क रेंचशिवाय हातच लावू नका.

80 च्या खाली स्टेम नेल्याशिवाय हुड्सवर हात पोहोचत नसतील तर ती एल तुम्हाला मोठीच आहे, मग विका, एम घ्या, अन् या वेळी तक्त्यातली रीच आताच्या सायकलच्या रीचशी ताडून घ्या, दोन साइजमध्ये ती 5 ते 10 मिमीनेच बदलते पण अंगाला तेवढी कळते. मुंग्या राइड संपल्यावरही तासन् तास राहत असतील किंवा बोटांत जोर कमी वाटत असेल तर सायकल बाजूला ठेवून आधी डॉक्टरला हात दाखवा.